काजळीचं बाळंतपण

या नदीला माणसांनी घाट बांधले, त्याच्याही आधीची ही गोष्ट. वटवाघळांच्या थव्यात काजळी नावाची एक पोर होती. आईच्या सततच्या सूचनांना कंटाळून ती पैलतीरावरच्या अर्जुनाच्या झाडावर एकटीच राहायला गेली.

काजळी पहिलटकरीण होती. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सवयीप्रमाणे ती उलटी लटकली होती, तेवढ्यात खाली कोल्हा येऊन बसला.

"पडलं तर मी आहेच हो," तो म्हणाला.

काजळीला कापरं भरलं. बाळ खरंच निसटलं तर? ती आईला हाका मारू लागली. पण आभाळात घारी फिरत होत्या. अशा उन्हात कोण येणार?

फांदी हलली. आई आली होती. तिचा एक पंख घारीच्या नखांनी फाटला होता.

"डोकं वर घे, पंखांच्या अंगठ्यांनी फांदी धर," आई म्हणाली.

"पडेन मी."

"माझ्याकडे बघ. मी करते तसं कर."

काजळीने तसं केलं. ओलं, निसरडं बाळ बाहेर आलं आणि घसरलंच. आईने फाटका पंख पसरून त्याला झेललं, चाटून पुसलं आणि लेकीच्या छातीशी लावलं. बाळ दूध ओढू लागलं. कोल्हा निघून गेला, तरी काजळीचं कापरं थांबेना.

"आई, माझ्या वेळी तुलाही भीती वाटली होती?"

"वाटली होती."

"मग कधी गेली?"

आईने दोघांवर पंख पांघरला. "गेली असती, तर या उन्हात आले असते का?"