ओळखगाण्याची दुसरी ओळ

एका रानात एक राजा राहत होता, आणि त्याच रानात बाकीचेही राहतात याचं त्याला अधूनमधून आश्चर्य वाटायचं.

रानाचं नाव खैरबन. राजाचं नाव दणकोजी तरस. दणकोजी रीतसर निवडून आला होता. त्याच्याविरुद्ध एक ससा उभा होता. मतदानाच्या आदल्या दिवशी सशाने प्रकृतीच्या कारणास्तव माघार घेतली, आणि मतदानाच्या दिवशी राजेसाहेब जेवायला नको म्हणाले.

निवडून आल्यावर राजाने पाणवठ्याचा गाळ काढायचं काम आपल्या मेव्हण्याला दिलं. मेव्हणा मगर होता. तरसाचा मेव्हणा मगर कसा, असं कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांचा पाणवठ्यावर जायचा रस्ता एकच होता. तीन वर्षांत पाणी निघून गेलं. गाळ तेवढा राहिला.

मग सभा भरली. गोदी म्हैस पुढे आली. पोटातलं बोलून टाकायची तिला सवय होती.

"राजेसाहेब, पाण्याचं काय?"

"पाणी!" राजा गरजला. "बंधूंनो आणि भगिनींनो, हे पाणी प्यालं कुणी? बाहेरच्यांनी! खैरबन कुणाचं?"

"आमचं!" सभा ओरडली.

"आमचं म्हणजे कुणाचं?"

हे याआधी कुणी विचारलंच नव्हतं. दोन माकडं उगीच टाळ्या वाजवत राहिली.

उत्तर शोधायचं काम काटेरावांकडे गेलं. काटेराव साळिंदर हे भाषा व अस्मिता खात्याचे मंत्री. अंगभर लेखण्या असूनही त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती, म्हणून सगळे त्यांना निःपक्षपाती मानत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा आणला: ज्याला खैरबनचं ओळखगाणं पुरतं येतं तो आपला. ज्याला येत नाही त्याने पौर्णिमेच्या आत घाट उतरून चालतं व्हावं.

"वा!" राजा म्हणाला. "मला येतं ना?"

"सगळ्यांनाच येतं, महाराज. दर खैरदिनाला म्हणतो की."

आता हे म्हणणं कसं चालायचं ते सांगायला हवं. खैरदिनाला सगळं रान माळावर उभं राहायचं आणि छाती फुगवून पहिली ओळ म्हणायचं:

*डोंगर अमुचा, ओढा अमुचा, अमुची काळी माती*

आणि मग सगळे म्हणायचे, "हं हं हं, हं हं हं." हा भाग बराच लांब होता आणि तो डोळे मिटून म्हणायची पद्धत होती. शेवटी "जय खैरबन" म्हणून सगळे जेवायला जायचे. हुंकाराखाली शब्द आहेत हे सगळे दोन पिढ्यांपूर्वीच विसरले होते. शब्द म्हणायची एकटी बूबू.

बूबू म्हणजे उंटीण. रानात उंटीण कुठून आली? सात पिढ्यांमागे मिठाचा तांडा घाट चढून आला, आणि जाताना एक लंगडी उंटीण मागे टाकून गेला. तांड्याचं सांडलेलं मीठ तिने उचललं आणि दारोदार विकलं. तोवर खैरबनात एक भाषा अशी नव्हतीच. म्हशीचं हरणाला कळत नसे, आणि घुबडाचं कळलं तरी कुणाला आवडत नसे. मीठ सगळ्यांनाच लागायचं. उंटीण म्हशीचा शब्द हरणाकडे नेई, हरणाचा घुबडाकडे. असं करता करता भाषा झाली. पुढे समुद्रापलीकडून एक पाणकोळी पक्षी आला. त्याला आपला देव खैरबनाच्या गळी उतरवायचा होता. देव कुणी घेतला नाही, पण त्यालाच इथल्या म्हणींचं वेड लागलं. चोचीखालच्या पिशवीत मासे ठेवायचे सोडून त्याने शब्द ठेवले आणि खैरबनचा पहिला कोश करून उपाशी मेला. कोशावर आजकाल कासव बसतं. उंची मिळते म्हणून.

ओळखगाणं बांधलं ते त्या लंगड्या उंटिणीने. ते सांभाळलं, वाढवलं तिच्या लेकींनी. त्यांतली शेवटची आपली बूबू. तिचे गुडघे गेलेले, दात मोजके. तिची एकच इच्छा होती. ओढ्याकाठच्या चिंचेखाली तिची आई पुरलेली होती, तिच्या शेजारी आपल्याला जागा मिळावी.

परीक्षेचा दिवस ठरला आणि मग काटेरावांच्या लक्षात आलं की तपासणार कोण? ते स्वतः बूबूकडे गेले.

"बूबू, शासनाने आपली परीक्षक म्हणून नेमणूक केली आहे. परीक्षा संपली की आपली पण परीक्षा. आपण मूळच्या मिठाच्या ना."

"मिठाची हाय, तर?" बूबू म्हणाली. "तुमी अळणी खाता व्हय?"

परीक्षेच्या दिवशी चारशे जनावरं बसली. चारशेच्या चारशे जणांनी पहिली ओळ झोकात म्हटली, आणि मग डोळे मिटून, छाती फुगवून, "हं हं हं." मोराने हुंकार नाचून दाखवला. कासवाने सुरुवात केली. त्याचा निकाल पुढच्या वर्षी लागणार आहे. शेवटी राजा आला. त्याचा हुंकार सगळ्यांत मोठा होता.

"म्हाराज, शब्द?" बूबूने विचारलं.

"आहेत ना. मनात आहेत."

निकाल लागला. खैरबनात खैरबनचं कुणीच निघालं नाही. रानाची लोकसंख्या कागदोपत्री शून्य झाली.

राजा खवळला. "गाण्यात असं आहे तरी काय? म्हणून दाखव!"

बूबूने म्हटलं. दोन पिढ्यांत पहिल्यांदा रानाने हुंकार बंद ठेवून ऐकलं.

*घाट चढूनी जो जो आला, जुळली त्याशी नाती*

पुढे एकेक कडवं एकेकाचं होतं. माकडं कुठल्या वणव्यातून पळून आली, मोर कुणाच्या लग्नात आले आणि परत गेलेच नाहीत, सगळं होतं. पाचवं कडवं असं:

*तरसे आली दुष्काळाला, हाडे उरली होती,*
*म्हशीमायेने ताक पाजले, धरली पाठीवरती*

गोदी म्हशीने रवंथ थांबवलं आणि ती खो-खो हसली. "अगंबाई, माझ्या पणजीनं पाजलं व्हय ह्यांना! तरीच आमचं दूध तवापासनं पुरंना."

त्याच संध्याकाळी मंत्रिमंडळाची तातडीची बैठक झाली. ठराव असा झाला: ओळखगाणं फार लांब असून त्यातला पहिल्या ओळीनंतरचा भाग नंतर घुसडलेला दिसतो. यापुढे ओळखगाणं म्हणजे एक ओळ. जो तेवढीच म्हणेल तो आपला. कमी म्हणेल तो परका, आणि जास्त म्हणेल तोही परका.

फेरपरीक्षेत सगळे पहिले आले. राजा विशेष पहिला आला. शेवटी बूबूची पाळी.

गोदी तिच्या कानाशी गेली. "बूबू, तुझ्या पाया पडते. येवढी एक वळ म्हण आन् तोंड मिट. चिंचेखालची जागा मी राखलीया तुझी."

"मिटते गं," बूबू म्हणाली. "मला तरी कुठं जायाचंय या वयात?"

ती माळाच्या मधोमध उभी राहिली. *डोंगर अमुचा, ओढा अमुचा, अमुची काळी माती.* आणि तोंड मिटलं. काटेरावांनी सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगायचं तर मीही सोडला. म्हातारी वाचली होती.

पण पहिली ओळ संपली की रानाला काय सवय! कुणी ठरवलं नव्हतं. आधी एक हरीण, मग माकडं, मग अख्खा माळ, डोळे मिटून, छाती फुगवून: "हं हं हं, हं हं हं." राजासुद्धा.

बूबूने सगळीकडे एकदा पाहिलं. चिंचेकडेही पाहिलं.

"आरं, नुसतं हं हं काय करताय?" ती म्हणाली. "तितं तुमचे आजे-पणजे हायती. त्यांची नावं कोन घील?"

आणि तिने दुसरी ओळ म्हटली. मग तिसरी. सगळी कडवी म्हटली, तरसांचं जरा सावकाश.

काटेराव हद्दपारीचा हुकूम लिहायला बसले आणि दुसऱ्याच शब्दाला अडले. बाकीच्यांनी सुचवलेलं काही त्यांना पटेना. शेवटी बूबूनेच सांगितलं आणि त्यांनी उतरवून घेतलं. हुकूम इतका सुरेख उतरला की तो आता चौथीच्या पुस्तकात आहे, काटेरावांच्या नावाने. बूबू घाट उतरली तेव्हा गोदी वळणापर्यंत सोबत गेली.

पुढचा खैरदिन फार शिस्तीत झाला. सगळ्यांनी एक ओळ म्हटली. मग हुंकारायला तोंडं उघडली, पण चाल सापडेना. ती बूबूच्या मागोमाग चालायची हे तेव्हा कळलं. सगळे तसेच उभे राहिले. राजाचे डोळे भरून आले. "केवढी ही शुद्धता!" तो म्हणाला.

त्याच आठवड्यात, खैरबन ज्याच्या हद्दीत येतं त्या वरच्या महारानातून एक पत्र आलं. त्यावर सोनेरी शिक्का होता. खैरबनची भाषा फार पुरातन असल्याने तिला अभिजात दर्जा देण्यात येत आहे, असं पत्र आणणाऱ्या घारीने तोंडी सांगितलं. मिरवणूक निघाली. मगरीच्या मेव्हण्याचा, म्हणजे राजाचा, सत्कार झाला. गाळात गुलाल उधळला. पत्राचं जाहीर वाचन ठेवलं होतं. पण पत्र खैरबनच्याच जुन्या, अस्सल भाषेत होतं, त्यामुळे ते कुणालाच वाचता आलं नाही.

तेव्हा घाटाखालच्या एका परक्या उंटिणीला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर बोलावण्यात आलं. राहायची सोय तिने आपली आपण करायची आहे.