बरणीतले दिवस

एका राज्यात मेघवर्मा नावाचा राजा होता, आणि त्याला चांगला दिवस वापरायचा जीवच व्हायचा नाही. नवी साडी कशी, सणाला नेसू म्हणून पेटीत पडून राहते? अगदी तसंच. आमराई मोहरली तो दिवस, लेक इरावती पहिलं पाऊल टाकणार होती तो दिवस, सगळे त्याने जादूगाराने दिलेल्या बरण्यांत भरले. म्हातारपणी निवांत उघडू, म्हणाला. पण बरणीत गेलेला दिवस कुणालाच जगता यायचा नाही, आणि झाकण एकदा लागलं की निघायचं नाही.

जगायला चांगला दिवसच उरेना, तशी राणी हेमलेखा पायांपासून दगड होऊ लागली. इरावती मोठी झाली तोवर दगड गळ्याशी आला. ती धावत रानात भारद्वाज पक्ष्याकडे गेली. त्याला सगळं ठाऊक असायचं.

"आजचं ऊन, आजची भूक, आजचं हसू," भारद्वाज म्हणाला. "सूर्य बुडायच्या आत आईपाशी आण. कालचं चालायचं नाही."

"नाही जमलं तर?"

"तर दगड डोळ्यांवर चढेल. चल की आता, बघत काय बसलीस."

इरावतीने नदीवर तांब्या भरला, ऊन आत उतरून गप्प बसलं. गाठोड्यात लोणी-भाकरी होती, तिला तिने हात लावला नाही. मग भूक कुत्र्याच्या पिल्लासारखी कुंईकुंई करत मागे आली. हसू मात्र कुठे मिळेना. भारद्वाजाने वाटभर घुबडाच्या लग्नाचे सगळे विनोद सांगितले, तिच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही.

महालात पोचली तेव्हा सूर्य कठड्यावर टेकला होता. तिने ऊन आईच्या पायांवर ओतलं, भाकरी मोडून एक घास आईला भरवला, एक स्वतः खाल्ला. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"केसांचं काय घरटं केलंयस गं. विंचरले असते, पण हे हात डोक्यात बसले तर टेंगूळच येईल."

आणि इरावती हसली. आईही हसली, लोणी नाकाला लागलं, दोघी आणखी हसल्या. भारद्वाज रुसून खांबावर जाऊन बसला.

तेवढ्यात राजा रिकामी बरणी घेऊन धावत आला. असं हसणं पुन्हा ऐकायला मिळायचं नाही, भरून घेतो, म्हणाला. दगड राणीच्या हनुवटीवर चढला.

इरावतीने बरणी हिसकावली नाही. उरलेली भाकरी पुढे केली.

"बाबा, संपत आलीय. बसता का?"

भाकरी मोडायला दोन हात लागतात. राजाने बरणीकडे पाहिलं, राणीच्या नाकावरच्या लोण्याकडे पाहिलं, आणि बरणी खाली ठेवली.

झालं. महालभर झाकणं उडाली, साठवलेले दिवस थव्याने बाहेर पडले आणि तटावरून निघून गेले. एकही थांबला नाही. सगळ्यांत मागे एक छोटासा पांढरा होता. इरावतीचं पहिलं पाऊल. राजाचे डोळे भरून आले.

"गेला तो," राणी म्हणाली. तिच्या पायांचा दगड गळून पडत होता. "पण मी आत्ता चालणार आहे. इकडे बघा."

दोघांनी तिला हात दिला, आणि ती चालली.

त्या राज्यात आता बरण्यांत लिंबाचं लोणचं असतं. त्या संध्याकाळी सूर्य बुडाला तेव्हा दिवसाचं काहीच उरलं नव्हतं. सगळा वापरून झाला होता.