बोरखडकच्या हौसाईची चप्पल

बोरखडकला जायला धड पायवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणाला सांगता येत नाही. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानंही ती ऐकलेलीच आहे.

गाव डोंगराच्या पोटाशी होतं, आणि पाण्याचा झरा पार पलीकडच्या अंगाला. मधे सगळा काळा कातळ आणि कडेनं बोरीबाभळींचं रान. चैत्रात त्या कातळावर ज्वारीचा दाणा पडला तर त्याची लाही व्हायची, असं म्हणतात. त्याच कातळावरून गावच्या बाया डोक्यावर घागरी घेऊन जायच्या आणि यायच्या, त्याही अनवाणी.

बाईमाणसानं पायात चप्पल घालायची नाही, अशी रीतच होती. गावदेवी जाखाई अनवाणी उभी आहे, मग तिच्या लेकींना चपला कशाला, असं जाणती माणसं सांगत. पुरुषांच्या पायात मात्र चपला असत, आणि त्या साध्यासुध्या नसत. बोरखडकचा गडी बाजाराला गेला की लोक आधी त्याच्या पायाकडं बघत आणि मग तोंडाकडं. जाड तळ, कर्रकर्र आवाज आणि वर कातड्याची अशी बारीक वेणी, की सुईचं टोक शिरायला जागा नाही.

तळ कापायचा आणि शिवायचा तो दौलू. वेणी गुंफायची ती त्याची बायको हौसा. हौसाच्या बोटांत जाखाईनं रेशीम भरलं होतं, असं म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती वेण्या गुंफत होती. गावातला एकेक पाय तिच्या वेणीतून चालत होता. तिचे स्वतःचे पाय उघडे होते, पण त्यात काही चुकतंय असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. मासा पाण्यात असतो तशा बाया अनवाणी असतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात भर दुपारी हौसा दारात वेणी घालत बसली होती. कातळावरून पाटलाची बायको मंजुळा येत होती. तिला दिवस गेलेले होते. हौसाच्या अंगणापाशी ती अडखळली, घागर गेली आणि ती मटकन खाली बसली. त्या काळी पाटलाच्या घरची बाई हौसाच्या अंगणात बसणं हेच केवढं तरी होतं. पण मंजुळेचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काटा हाय गं," ती म्हणाली. "लई आत गेलाय."

हौसानं तिच्या तोंडावर पाणी मारून तिला सावलीत घेतलं आणि पाय मांडीवर ठेवला. लुगड्याचा काठ बाजूला केला, तळवा वर केला, आणि काटा काढायला उचललेली कातडं टोचायची आरी तिच्या हातात तशीच थांबली.

हौसानं म्हशीचं कातडं पाहिलं होतं, रेड्याचं पाहिलं होतं, उन्हात आठवडाभर पडलेलं पाहिलं होतं. असं कातडं तिनं पाहिलं नव्हतं. पुसता न येणारी काळी भेग टाचेपासून मधल्या बोटापर्यंत गेली होती. भेगेत खडी रुतून वर कातडी धरली होती. आजचा काटा एकच होता, पण मोडलेले जुने काटे आतल्या आत काळे ठिपके होऊन राहिले होते. पोरगी विशीचीही नव्हती.

हौसाला वाटलं, या पोरीला काही रोग आहे. मग तिनं हळूच आपला पाय वळवून बघितला, तर तोही तसाच होता.

आयुष्यभर ती पायांसाठी राबली होती आणि आपला तळवा तिनं आज पहिल्यांदा पाहिला.

"वैनीसाब," काटा काढून झाल्यावर ती म्हणाली, "तुमास्नी एक चप्पल करून देते."

मंजुळा तिच्याकडं बघतच राहिली. कुणीतरी तिला उडायला सांगावं तसं. पण नको म्हणाली नाही.

पहिला जोड हौसानं दौलूच्या तळावरच बेतला. तो मंजुळेच्या पायात गेला आणि चार पावलांत अंगठ्याचं कातडं सोलून निघालं. घागर डोक्यावर घेऊन त्या जड तळावर तोल कसा राहणार? हौसानं तो जोड उसवून टाकला. दुसरा तिनं बकऱ्याच्या मऊ कातड्याचा केला, वर नुसता एक रुंद पट्टा. पायाला सुख होतं, पण दिसायला पोटीस बांधल्यासारखा. मंजुळेनं तो पायात घातला, खाली बघितलं आणि लुगड्याचा काठ पायांवर ओढला.

"चावतोय का?" हौसानं विचारलं.

"न्हाई. पर आजारी बाईचं पाय दिसत्यात. हौसा, बोलणी तर मला खायचीच हाईत. मग देखण्या चपलेसाठी खाईन की."

हौसा हसली. मग तिनं अशी चप्पल केली की तशी आधी कुणी पाहिली नव्हती. तळ पातळ पण दुहेरी, आत करडईच्या तेलात मुरवलेलं मऊ कातडं, टाचेला बोटभर उभारी. अंगठ्यापाशी कुठंही शिवण टोचणार नाही अशी बांधणी. वर पुरुषांच्या वेणीहून बारीक, आंब्याच्या मोहरासारखी वेणी आणि कडेला लाल गोंडा. तिचा आवाज मात्र अजिबात येत नव्हता. ती चप्पल घालून कुणी मागून आलं तर कबुतरंही उडत नसत, असं म्हणतात.

मंजुळा ती कातळावर पोचली की घालायची आणि गाव दिसू लागलं की काढून घागरीच्या चुंबळीत लपवायची. काही दिवस निभावलं. मग एका दुपारी तिच्या सासूच्या, कोंडाबाईच्या, हाती ती चप्पल लागली. कोंडाबाईचा गावात दरारा होता. तिनं सुनेला एक शब्द विचारला नाही. दोन्ही चपला उचलल्या आणि जाखाईच्या देवळापुढं, जिथं गावकी बसली होती, तिथं नेऊन टाकल्या.

हौसाला बोलावणं आलं. दौलू सोबत आला.

पारावर पाटील सुभानराव बसला होता. मंजुळा समोर मान खाली घालून उभी होती. माणसं त्या चपलेकडं साप बघावा तसं बघत होती. पाटलाच्याच घरात रीत मोडली, मग बाकी गावानं काय करायचं, असं एक जण म्हणाला. त्यावर बराच वेळ गलका झाला. शेवटी सुभानरावानं खाली बघत सांगितलं, "तिनं चपला डोक्यावर घ्याव्यात आन् आत्ता, याच उन्हात, अनवाणी कातळ वलांडून झऱ्यापर्यंत जावं. हौसानं पुन्ना बाईची चप्पल शिवली तर दौलूचं बिऱ्हाड गावाबाहीर."

पोटुशी बाई, तापलेला कातळ, आणि हे तिच्याच नवऱ्याच्या तोंडून. हौसानं मंजुळेकडं बघितलं. मंजुळा रडत नव्हती. चपला उचलायला ती वाकलीसुद्धा.

"थांब," सुनेच्या पोटाकडं बघत कोंडाबाई म्हणाली.

ती देवळाच्या पायरीवर बसली. "डोक्यावर न्यायच्या आदी मी एकदा पायात घालून बघते. एवढा तमाशा कशापायी चाललाय ते तरी कळंल. हौसा, हिकडं ये. घाल."

चप्पल घेऊन हौसा तिच्यापुढं बसली, तिनं लुगड्याचा काठ जरा वर केला आणि चप्पल तशीच खाली ठेवली. कोंडाबाईच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. तिच्या जागी ओबडधोबड वण होता.

"काय झालं?" सुभानरावानं पारावरून विचारलं. हौसानं नुसतं बोट दाखवलं. म्हणून तो उतरून जवळ आला, आणि त्यानंही ते बघितलं.

"आये," तो म्हणाला, "हे कवा झालं?"

"तू पोटात व्हतास तवा. कातळावर काटा भरला, बोट सडलं. सुइणीनं विळ्यानं काढलं."

"बाला ठावं व्हतं?"

"कुणी बगितलं तर ठावं व्हनार."

सुभानराव दर दिवाळीला आईच्या पाया पडायचा. पाया पडणारा डोळे मिटून घेतो. तो तिथंच, सगळ्या गावासमोर, मातीत बसला. हौसाला नंतर आठवायचं ते एवढंच, की इतकी माणसं असून त्या वेळी माश्यांचा आवाज ऐकू येत होता.

कोंडाबाईनं चपला पायात घातल्या, उभी राहिली आणि देवळाच्या अंगणातून सरळ कातळाकडं निघाली. कुणी अडवलं नाही. पुढं जे झालं ते असं सांगतात. म्हातारीनं कातळावर पहिलं पाऊल ठेवलं आणि चर्र आवाज झाला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. तिनं पाऊल उचललं, तर त्या जागी कातळ गार. मागून मंजुळा त्याच पावलावर पाय देत गेली, तिच्यामागून हौसा, मग घराघरांतून बाया आल्या. झऱ्यापर्यंत रांग लागली आणि एकीचाही तळवा पोळला नाही. कातळावर आजही टाचेच्या उभारीसकट त्या चपलेचे ठसे दिसतात, असं म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर जास्त नीट दिसतात.

शिक्षेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या संध्याकाळी हौसा दारात बसली होती. दौलू आतून मापाची दोरी घेऊन आला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला.

"पाय दे."

हौसानं पाय चटकन मागं घेतला. "काय करताय? पाप लागंल मला."

"मापाला पाप लागत न्हाई," तो म्हणाला. "मी गावाची मापं घेत हिंडलो. घरातलं ऱ्हायलं."

नवऱ्यानं तिचा पाय हातात घेतला आणि तो फुटक्या मडक्यासारखा जपून धरला. तळ त्यानं शिवला, वेणी तिनं गुंफली. ती चप्पल घालून ती अंगणातून फिरली तेव्हा आपण जमिनीवर नाही असं तिला वाटलं आणि घाबरून तिनं भिंत धरली.

मग लांबलांबच्या गावांहून बाया यायला लागल्या. भांगलणीला, म्हणजे शेतातलं तण काढायला, जाणारीला चिखलात न रुतणारी चप्पल मिळे, म्हातारीला घोट्याला आधार देणारी, नव्या नवरीला गोंड्याची. देखणी नसेल तर हौसा ती हातावेगळी करत नसे, आणि सुखाची नसेल तर देत नसे. पुढं पुढं तिला माप घ्यावंच लागत नसे. धुळीतला ठसा बघून ती सांगायची, या बाईचा गुडघा दुखतो, ही माहेराहून परतली आहे. लोक तिला हौसाई म्हणू लागले.

हौसाई म्हातारी होऊन घरातच गेली, असं तिची भावकी सांगते. गाव ते मानत नाही. पलीकडच्या खोऱ्यातून कुणा पायानं अडलेल्या बाईचा निरोप आला, ती काखेत एक जोड घेऊन कातळावर चढली आणि उन्हाच्या झळांत दिसेनाशी झाली, असं म्हणतात. कुठलीही बाई अनवाणी त्या कातळावर आली की तिच्या पुढं पुढं पाऊलभर सावली चालते, असंही म्हणतात.

आता कातळावरून डांबरी रस्ता गेला आहे आणि नळाचं पाणी घरात येतं. तरी बोरखडकला नवी नवरी आली की माप ओलांडण्याआधी तिला उंबऱ्याबाहेर पाटावर बसवतात. सासू तिच्यापुढं खाली बसते, लुगड्याचा काठ बाजूला करून दोन्ही तळवे नीट बघते, आणि मग आपल्या हातानं तिच्या पायात गोंड्याची चप्पल घालते. वाजंत्री थांबवतात. वऱ्हाड उन्हात उभं राहतं. हौसाईचं नाव घेऊन सासू विचारते, "कुठं चावतंय का गं?"

नवरीनं खरं सांगायचं असतं. चावत असेल तर चप्पल काढून सैल करून आणतात, मग कितीही उशीर होवो. ती मान हलवून "न्हाई" म्हणेपर्यंत त्या घरात कुणीही पाऊल टाकत नाही.