क्रूस आणि माड

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका ख्रिस्ती कोळीवाड्यात एकदा एक वृद्ध तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, राहत होता. इनास त्याचं नाव. अंगातली ताकद सरत चालली होती, म्हणून आपल्या होडीचं सुकाण तो एका शिष्याच्या हाती सोपवणार होता. हा शिष्य, बस्त्याव, वाड्यातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत सर्वांच्या पुढे उभा राही. 'प्रार्थनेत माझं चित्त कधी ढळत नाही,' असं तो सांगे. खोटं सांगत नसे. फक्त जरा वारंवार सांगे.

त्या खाडीत शिरणं सोपं नव्हतं. दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक, मधली वाट अरुंद. पण वाडवडिलांनी एक खूण शिकवून ठेवली होती. किनाऱ्यावर चर्चचा पांढरा क्रूस होता आणि त्याच्या पाठीमागे, दूर टेकडीवर, एकच उंच माड. समुद्रातून येताना तो माड क्रूसाच्या बरोबर डोक्यावर दिसला, की होडी वाटेत आहे असं समजायचं.

एकदा तीन दिवस मासेमारी करून होडी परतत होती, आणि नेमका तो चर्चच्या सणाचा दिवस होता. खाडी दिसू लागली तसा इनास म्हणाला, "बस्त्याव, आज होडी तू आण. नीट आणलीस तर उद्यापासून सुकाण तुझं. फक्त ध्यानात ठेव, होडीत तीन घरची माणसं आहेत."

तिघे खलाशी हसले. बस्त्यावने सुकाण धरलं आणि क्रूसावर नजर लावली.

उतरत्या उन्हाने पाणी सोन्यासारखं झालं होतं. वारा पडला होता, इंजिन संथ चालू होतं. होडी चालते आहे की किनाराच जवळ येतो आहे, ते कळत नव्हतं. उजव्या हाताला वाळूवर सणाचा मांडव होता. तिथला बँड पाण्यावरून तुकड्यातुकड्याने ऐकू येई, मध्येच विरून जाई. मांडवापाशी बस्त्यावची बायको रेजिना नवं लुगडं नेसून उभी असणार होती. 'सणादिवशी होडी मीच आणीन,' असं तो तिला निघतानाच सांगून बसला होता. तरी त्याने तिकडे एकदाही पाहिलं नाही. क्रूस, फक्त क्रूस. आपल्या एकाग्रतेचं त्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात इनास उठला, त्याने इंजिन बंद केलं आणि नांगर पाण्यात सोडून दिला.

दोर ताणला गेला. होडी हिसका खाऊन थांबली. किनाऱ्यावरून लोक हात हलवून बोलावत होते. बस्त्यावचा चेहरा लाल झाला.

"आबा, हे काय केलंत? सगळा वाडा बघतोय! मी नजर जरातरी हलवली का, सांगा!"

"नाही हलवलीस," इनास शांतपणे म्हणाला. "माड कुठे आहे?"

बस्त्यावने वर पाहिलं. माड क्रूसाच्या डोक्यावर नव्हता. तो पार उजवीकडे सरकला होता, म्हणजे होडीच मांडवाच्या बाजूला वळली होती. मग त्याने पुढे पाहिलं. आठ-दहा हातांवर पाणी गोल फिरत होतं, आणि त्याखाली खडकाची काळी पाठ दिसत होती. मागे बसलेल्या तिघांकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

"क्रूस कुठूनही दिसतो, बाळा," म्हातारा म्हणाला. "खडकावर आपटणाऱ्यालाही शेवटपर्यंत दिसतो. तुझे डोळे त्याच्याकडेच होते, पण हात मांडवाला भुलला. जग येऊन आपले डोळे झाकत नाही रे. ते हळूच हात धरतं, आणि आपण मात्र क्रूसाकडे बघतोय म्हणून खुशीत असतो. नुसतं बघून भागत नाही. आपण कुठून बघतोय, तेही तपासावं लागतं. माड त्याच्यासाठी आहे."

बस्त्याव सुकाण सोडून बाजूला होऊ लागला. इनासने मान हलवली. "बस. आता तूच ने."

नांगर ओढून घेतला, होडी मागे घेतली. बस्त्याव फार हळू निघाला. माड थोडा सरकला की तो थांबे, वळवी, पुन्हा निघे. होडी धक्क्याला लागली तेव्हा मिरवणूक होऊन गेली होती आणि बँडवाले चहा पीत बसले होते.

"एवढा उशीर?" रेजिनाने विचारलं.

"भलत्या वाटेला लागलो होतो," तो म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत त्याने असं कबूल केलं नव्हतं.

संध्याकाळी प्रार्थनेला लोक जमले. सवयीप्रमाणे बस्त्याव पुढे जाऊन उभा राहिला, त्याने क्रूसाकडे पाहिलं, आणि सर्वांच्या नजरा आपल्यावर आहेत हे जाणवताच त्याचा हात आपोआप शर्टाची कॉलर नीट करायला गेला. त्याने तो हात पाहिला. बराच वेळ पाहिला. मग स्वतःशीच हसून त्याने हात खाली घेतला आणि तो चालत चालत शेवटच्या रांगेत आला.

तिथे इनास बसला होता. तो जरासा सरकला आणि शेजारी जागा करून दिली.