ओलं ते घराबाहेर

एका गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. लोक त्याला भोळा म्हणत, कारण खरा शब्द तोंडावर बोलणं बरं दिसत नाही.

त्याची बायको हौसा गरोदर होती. दोघं येसबाच्या भावाच्या पडवीत राहत. बाळ यायच्या आत स्वतःचं घर हवं, असं हौसा धरून बसली. गावात दोन फार जुनी घरं विकायची होती.

“अहो, जुन्या भिंतींना ओल असते,” ती म्हणाली. “हात लावून बघा. हात ओला झाला तर घर घेऊ नका.”

पहिल्या घरी मालकानं रीतीप्रमाणे हातपाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. येसबानं हात धुतले आणि एक हात तसाच भिंतीला लावला. मग हाताकडे बघितलं. ओला! तो चहालाही थांबला नाही. ते ठणठणीत कोरडं घर दुसऱ्यानं घेतलं.

“अहो शहाण्या माणसा!” हौसा म्हणाली. “आधी नीट पुसायचं, मग हात लावायचा.”

“हात्तिच्या! एवढंच ना?”

दुसऱ्या घराच्या भिंती पाझरत होत्या. येसबानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भिंत पुसली. नीट पुसली. एक कोपरा तर मालकानंच पुसून दिला. मग येसबानं हात लावला. कोरडी! घर घेतलं.

राहायला गेले, तर भिंती पुन्हा ओल्या. गवंड्याला बोलावलं, त्यानं घरामागे जाऊन बघितलं. शेजारच्या मोरीचं पाणी भिंतीत मुरत होतं.

“पाण्याला वाट काढून दे,” तो म्हणाला. “भिंतीला पाणी लागता कामा नये.”

येसबा विचार करू लागला. तो विचार करू लागला की गाव घाबरायचं. घराला चारी बाजूंनी भिंती. भिंत नाही अशा जागा दोनच, मागचं दार आणि पुढचं दार. त्यानं चर खणला. मोरीचं पाणी मागच्या दारानं आत आलं, चुलीला वळसा घालून पुढच्या दारानं निघून गेलं. भिंतीला थेंब लागला नाही.

हौसाची आई तिला बाळंतपणासाठी न्यायला आली. तिनं लुगडं वर धरून घर बघितलं.

“जावईबापू, बदकं पाळणार आहात का?”

हौसा रडकुंडीला आली. “घरात ओलं काही ठेवायचं नाही! जे जे ओलं असेल ते बाहेर काढा. घर कोरडं झाल्याशिवाय मी बाळाला आणायची नाही.”

हे मात्र येसबाच्या काळजाला लागलं. बाळ त्याला हवं होतं. त्यानं चर बुजवला आणि घरातल्या एकेका वस्तूला हात लावून बघायला सुरुवात केली.

हौसाला मुलगी झाली. पुढे येसबाचा निरोप गेला, “घरात ओलं काही उरलं नाही. या.”

हौसा आईबरोबर बाळाला घेऊन आली. अंगणात मातीचे ढीग उन्हात वाळत होते. पुढच्या दाराची चौकट तेवढी उभी होती. चौकटीत येसबा, बाळावरून ओवाळायला हातात भाकरतुकडा घेऊन.

“अहो, भिंती कुठं आहेत?”

“ओल्या होत्या. बाहेर काढल्या.”

“सगळ्या?”

“एकही ठेवली नाही. मी काय अर्धवट काम करतो?”

हौसाच्या आईनं विचारलं, “आणि छप्पर हो, जावईबापू?”

येसबा बाजूला सरला. मागे फुटक्या कौलांचा आणि मोडक्या वाशांचा डोंगर पडला होता.

“ते कोरडं निघालं,” तो म्हणाला. “म्हणून आतच ठेवलंय.”