धोंडवाडीचा मुका देव

मॉरिशस बेटावर आलेल्या पाहुण्याला आधी समुद्र दाखवतात. मग रंगीत माती, मग धबधबा, मग उसाचा रस आंबवून केलेली दारू, आणि ती चढली की पुन्हा समुद्र. डोडो पक्षी मात्र दाखवता येत नाही, तो आधीच्या पाहुण्यांनी संपवला. एवढं सगळं बघून झालं आणि पाहुणा मराठी निघाला, तर गाडी हमरस्ता सोडून उसात शिरते आणि धोंडवाडीला येऊन थांबते. नकाशावर या गावाचं नाव फ्रेंच आहे, ते म्हणताना नाक चोंदल्यासारखं होतं. आपली माणसं धोंडवाडीच म्हणतात.

इथे बघायचं ते एवढंच: उसाच्या मधोमध काळ्या धोंड्यांची एक रास, दुमजली घराहून उंच. अशा राशी या बेटावर जागोजाग आहेत. ऊस लावायचा म्हणून मजुरांनी हातांनी वेचलेले धोंडे ते. पण या राशीच्या शेंड्यावर शेंदूर फासलेला एक उभट दगड बसलेला दिसेल. तो देव. त्याची पाठ गावाकडे आहे आणि तोंड समुद्राकडे. गावातल्या कुणीच त्याचं तोंड पाहिलेलं नाही. मासे मारायला गेलेल्यांना ते दिसतं म्हणतात, पण मासे मारणाऱ्यांचं किती ऐकावं!

जत्रेच्या दिवशी राशीखाली गाऱ्हाणं घालतात, आपल्या कोकणात घालतात तसंच. गावकार देवाला हाक मारतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आपली रीत. एकदा कुडाळकडचे एक निवृत्त गृहस्थ आले होते. पहिलं मागणं झालं मात्र, त्यांनी सवयीनं छाती फुगवून दिलं ठोकून, “व्हय म्हाराजा!”

एकटाच आवाज. शेजारच्या पार्बतीनानीनं चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “गप रव! हय कोण बोलणा नाय.”

“अहो, पण गाऱ्हाण्याला होकार नको?”

“एकदा दिलेलो,” नानी म्हणाली. “अजून पुरता हा.”

त्या होकाराची गोष्ट अशी सांगतात.

बेटावर साहेबांचं राज्य होतं आणि साहेबांना साखर हवी होती, तेव्हाची ही गोष्ट. कोकणातून गलबतं भरभरून माणसं आली, पाच वर्षांच्या करारावर. त्यांत आवडू नावाची एक बाई होती. नवऱ्याबरोबर आली. नवरा पहिल्याच वर्षी तापानं गेला. पोरगी शेवंती मागे कोकणात, आजीपाशी. निघताना पोरीनं लुगडं धरलं तेव्हा आवडूनं सांगितलं होतं, “पाच दिवाळ्यो झाल्यो की येतंय गो बाये.” त्या एका वाक्यावर ही बाई जगत होती. ऊस कापताना तेच, धोंडे वेचताना तेच.

आवडूचा आवाज मोठा होता. किती मोठा? तिनं या टोकाला शेजारणीला हाक मारली, की त्या टोकाला साहेबाच्या हातातला कप बशीत पडे, म्हणे.

शेतातला देवही तिलाच सापडला. धोंडे वेचताना एक उभट, नाकडोळे असल्यासारखा दगड तिच्या हाताला लागला. “ह्यो आपलो रवळनाथ,” ती म्हणाली आणि तिनं तो आंब्याखाली नेऊन बसवला. माणसांना देव हवाच होता, कुणी वाद घातला नाही. गाऱ्हाणं घालायचं काम राणोजीकडे आलं. राणोजी आपलाच माणूस, सावंतवाडीकडचा. जिभेवर साखर. साहेबानं त्याला मजुरांवर सरदार नेमलं होतं.

पाच वर्षं भरली. बंदरात गलबत लागलं. गाठोडी बांधून झाली आणि निघायच्या दिवशी सकाळी सगळे आंब्याखाली जमले. राणोजीनं हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वादळ-वारो आडवो इलो तर तो दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाची वाकडी नजर पडली तर ती जाळून टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाण्यात नेमकं काय म्हणतात ते कोण ऐकतं? त्याची एक लय असते. आवाज चढला की आपणही चढायचं, तो थांबला की आपण होकार द्यायचा. राणोजीला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच लयीत, त्याच चढ्या आवाजात तो पुढे म्हणाला, “आनी ह्या शेतातलो शेवटचो धोंडो निघेपर्यंत ही लेकरां हयच रवान तुझी चाकरी करतली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज आवडूचा. घरी जायच्या आनंदात तिनं असा होकार ठोकला, की आंब्यावरचे कावळे उडाले. ते उडालेले असतानाच तिला कळलं, आपण काय बोललो.

“आमी आयकलांच नाय!” कुणीतरी ओरडलं.

“देवान आयकल्यान मां,” राणोजी शांतपणे म्हणाला.

साहेबाशी केलेला करार संपतो. देवाला दिलेला शब्द कसा संपणार? गाठोडी सुटली. गलबत रिकामं गेलं. राणोजीला साहेबानं फळ्यांचं घर बांधून दिलं, पुढे पडवीसकट.

बाकीचे रडले. आवडू रडली नाही. ती शेतात उतरली आणि पहिला धोंडा उचलून टाकला. “शेवटचो धोंडो निघेपर्यंत ना? काढूया मगे.”

तेव्हापासून ही रास वाढू लागली. आता या बेटाची जमीन म्हणजे काय सांगावं! ज्वालामुखीनं ओकलेली. इथे धोंडे वितात, म्हणे. सकाळी साफ केलेल्या जागी संध्याकाळी पिल्लं दिसत. पाऊस झाला की जमिनीचे दात वर येत. लोक कंटाळत, बसत. आवडू त्यांना बसू देत नसे. “उठ रे मेल्या, घराक जावचा नाय?” तिच्या हाकेनं पाठी वाकत आणि धोंडे निघत.

नवीन गलबतानं आलेल्या एकीनं सांगितलं, “तुजा चेडू, शेवंती, धक्क्यार येवन बसता. गलबत दिसला की इचारता, माजी आवस इली?” पुढल्या खेपेला आलेल्यानं सांगितलं, शेवंतीचं लग्न झालं. त्याच्या पुढल्या खेपेला तिच्या गावचं कुणी आलंच नाही. आवडूचे केस पिकले, बोटं वाकडी झाली. तरी तोंडात तेच: येतंय गो बाये.

आणि एका वर्षी, पावसाळा सरल्यावर, शेत साफ झालं. आवडू या बांधापासून त्या बांधापर्यंत अनवाणी चालली. मऊ लाल माती, नुसती माती. एक खडा पायाला लागला नाही. माणसं बांधावर उभी राहून बघत होती.

राणोजी बूट घालून आला. शेतभर फिरला, आंब्याखाली थांबला आणि हसला.

“एक रवलो हा गो, आवडू.” त्यानं देवाकडे बोट दाखवलं. “ह्यो पण ह्याच शेतातलो. तूच काढलंस मां?”

लोकांनी माना खाली घातल्या. राणोजीला ठाऊक होतं, देवाला हात घालायची छाती कुणाची होणार नाही.

आवडूनं पदर खोचला. देवाला दोन्ही हातांनी उचललं, लेकराला घेतात तसं कडेवर घेतलं, आणि ती राशीवर चढली. धोंडे घसरत होते, गुडघे फुटत होते. शेंड्यावर तिनं देव ठेवला, तोंड समुद्राकडे करून. राणोजीचं हसू तिथेच वाळलं.

मग आवडूनं तिथूनच गाऱ्हाणं घातलं. बाईमाणसानं कधी घातलं नव्हतं. पण अडवणार कोण?

“बा देवा म्हाराजा! तुका दिलेलो शब्द आमी पुरो केलो. आता तुझ्या लेकरांका तेंच्या घराक पोचय रे म्हाराजा!”

आणि ती थांबली, होकारासाठी.

खाली एक ओठ हलला नाही. कुणी झोपडीमागे भोपळ्याचा वेल चढवला होता. कुणी बिहारकडची बायको केली होती, कुणी तमिळ. कुणाची पोरं बेटावरची क्रेओल बोली बोलत होती, त्यांना कोकण म्हणजे आईबापांच्या भांडणातला एक शब्द होता. आणि सगळ्यांनाच आता भीती होती: व्हय म्हटलं, तर जावं लागेल.

आवडूनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकजण आपल्या पायांकडे बघत होता. ती खाली उतरली. तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी अगदी हळू निघाला, म्हणे.

“तेवा न आयकता व्हय म्हटलात. आज आयकलात, तर गप.”

एवढं बोलून ती बंदराच्या वाटेनं निघाली. गाठोडंही घेतलं नाही. तिला गलबत मिळालं असं काही सांगतात. बंदरातच तिनं डोळे मिटले असं काही सांगतात. धक्क्यावर कुणी बसलेलं होतं का, हे सांगायला तिकडून कधी कुणी आलं नाही.

राणोजीची पडवी वाळवीनं खाल्ली. साहेबाला मात्र बेटावरचं सगळ्यांत स्वच्छ शेत मिळालं.

आजही पाऊस पडून गेला की त्या शेतात धोंडे वर येतात. लोक ते गुपचूप उचलून राशीवर नेऊन ठेवतात आणि एकमेकांना सांगतात, अजून शिल्लक आहेत, काय करणार! आजही जत्रेला गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक मागण्यानंतर गावकार थांबतो, एक ‘व्हय म्हाराजा’ मावेल एवढंच. त्या वेळात उसाची पानं वाजतात, आणि सगळं गाव आपापल्या पायांकडे बघत असतं. तुमच्या तोंडाशी तो शब्द सवयीनं येईल, पाहुण्यांनो. गिळा. तो जिला द्यायचा होता, ती केव्हाच उतरून गेली.