एक कोंब सोडायचा

गोष्ट सांगा म्हणून पोरांनी सकाळपासून डोकं खाल्लंय. सांगतो, पण मधे कुणी बोललं तर उठून जाईन.

फार मागे आफ्रिकेतल्या एका माळावरची सगळी झाडं कोळशासाठी तोडली गेली. जमिनीत बुंधे तेवढे जिवंत राहिले. कोंब फुटला की शेळ्या फस्त करत. एकदा एक बुंधा गाभण शेळीला म्हणाला, "बाई, एक कोंब सोड, बाकीचे खा. तो वाढला की हवेतला धूर गिळेल, तुझ्या पिल्लांना सावली आणि शेंगा देईल."

"मी सोडला तर दुसरी खाईल की!"

"मग सगळ्यांना विचार."

शेळीने कळप जमवला. प्रत्येक बुंध्याचा एक कोंब राखायचं ठरलं. बोकड मात्र दाढी हलवत म्हणाला, "मला कोण अडवतंय?" आणि त्याने सगळ्यांदेखत एक राखलेला कोंब खाल्ला. पुन्हा फुटला तसा पुन्हा खाल्ला, शेवटी तो बुंधा वठला.

पुढे माळ हिरवा झाला. भर उन्हात शेळ्या सावलीला शेंगा चघळत बसल्या होत्या. बोकड आला तशी तीच शेळी उठली. "भावजी, तुमची सावली तुम्ही खाल्लीत. त्या वठलेल्या बुंध्यापाशी बसा."

बोकड बसला. पाठ भाजली तेव्हा आला आणि शिंगं खाली घालून म्हणाला, "चुकलो."

शेळीने सरकून जागा दिली. "उद्यापासून राखणीला तुम्ही."

बोकडाला एवढी अक्कल होती. आमच्या गावच्या चराईबंदीच्या रानात गुरं घुसवणारा सखाहरी डोळस अजून माझ्यासमोर 'चुकलो' म्हणालेला नाही.